मेलेल्या उंदरांची मोजदाद

पावसाळ्याच्या सुमारास मुंबई महापालिकेकडून एक आकडा हटकून प्रसिद्ध होतो. गेल्या काही महिन्यांत शहरात किती उंदीर मारले गेले, याचा तो आकडा असतो आणि वर्षाचा हिशेब केला तर तो लाखांच्या घरात जातो. वाचणाऱ्याला क्षणभर दिलासा मिळतो. परंतु पुढील वर्षी त्याच सुमारास तसाच मोठा आकडा पुन्हा छापून येतो, आणि त्याच पानावर लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांची बातमीही असते. दरवर्षी लाखो उंदीर मारूनही दरवर्षी लाखो उंदीर मारण्यासाठी शिल्लक राहत असतील, तर या आकड्याकडे यशाची पावती म्हणून पाहावे की अपयशाची कबुली म्हणून, हा प्रश्न विचारणे भाग आहे. तो केवळ प्राणिशास्त्राचा किंवा वैद्यकाचा प्रश्न नाही. सार्वजनिक पैसा कशासाठी मोजावा आणि त्याचे फळ कशाने मापावे, या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

मुंबईच्या या कामाची रीत अनेकांना ठाऊक नसते. शहर झोपल्यावर हातात काठी आणि विजेरी घेऊन काही माणसे बाजार, गोदामे आणि इमारतींमधील चिंचोळ्या हाऊसगल्ल्या पालथ्या घालतात. महापालिकेच्या दप्तरी त्यांना ‘मूषकसंहारक’ असे भारदस्त नाव आहे. एका रात्रीत ३० उंदीर हे त्यांचे ठरलेले उद्दिष्ट. सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यावयाचे आणि मगच रात्र भरली असे समजावयाचे. त्यांच्याखेरीज कंत्राटावर काम करणारेही असतात व त्यांना दर उंदरामागे मोबदला मिळतो. दिवसा विषारी आमिषे ठेवणे, पिंजरे लावणे आणि बिळांत विषारी वायूच्या गोळ्या टाकून ती बुजवणे ही कामे चालतात. या माणसांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यांच्या कष्टांना लावलेल्या मापाविषयी.

शेपटीची किंमत

माप चुकले म्हणजे काय होते, याचा धडा व्हिएतनाममधील हनोई शहराने १९०२ मध्येच घालून दिला आहे. फ्रेंच वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी तेथील गोऱ्या वस्तीखाली आधुनिक भुयारी गटारे बांधली. या गटारांत उंदरांना शत्रूविरहित आणि थेट घराघरांत पोचणारे राजमार्ग सापडले. प्लेगच्या भीतीने सरकारने प्रथम उंदीर मारणारे मजूर नेमले. एकेका दिवसात मारलेल्या उंदरांची संख्या २० हजारांवर गेली, तरी उंदीर कमी होईनात. तेव्हा सर्वसामान्य नागरिकांना दर उंदरामागे एक सेंट बक्षीस जाहीर झाले, आणि मेलेल्या जनावरांचा ढीग कचेरीत नको म्हणून पुरावा केवळ शेपटीचा मागण्यात आला. शेपट्यांचा पूर लोटला. काही काळाने मात्र शहरात शेपटी नसलेले जिवंत उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे पुन्हा पिलावळ वाढेल आणि पुन्हा शेपट्या मिळतील. शहराबाहेर तर उंदीर पाळण्याचे धंदेही निघाल्याचे आढळून आले. अखेर बक्षीस बंद करावे लागले.

ही गोष्ट हनोईच्या लोकांच्या अप्रामाणिकपणाची आहे असे मानणे सोपे, पण चुकीचे ठरेल. सरकारने उंदीर नाहीसे होण्याला किंमत दिली नव्हती. किंमत दिली होती ती शेपटीला. बाजाराने शेपटीचा पुरवठा केला. ज्या वस्तूला भाव मिळतो तिचे उत्पादन वाढते, या साध्या नियमापुढे शहाणपणाचे सगळे आदेश दुबळे ठरतात. मुंबईचा मूषकसंहारक उंदीर पाळत नाही. परंतु जेथे उंदीर मुबलक आहेत तेथेच त्याची संख्या लवकर भरते आणि जेथे ते खरोखर संपत आले असतील तेथे त्याचा दिवस बुडतो, ही त्याच्या कामाची रचनाच आहे. एखाद्या गल्लीत उंदीर उरलेच नाहीत, तर हिशेबाच्या वहीत त्या गल्लीचे काम शून्य म्हणून नोंदले जाईल.

मापाच्या या गोंधळाचे विनोदी रूप मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत पाहावयास मिळाले. मंत्रालयात अवघ्या ७ दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचे दाखवण्यात आले, असा आरोप एकनाथ खडसे यांनी केला आणि सभागृहात हंशा पिकला. त्यावर खुलासा असा झाला, की हा आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा होता. खुलासा मान्य केला, तरी त्यातून जे दिसले ते अधिक बोलके होते. किती गोळ्या वापरल्या याची काटेकोर नोंद कागदोपत्री होती; त्या गोळ्यांनी किती उंदीर कमी झाले याचा मात्र चर्चेत कोठे उल्लेख नव्हता. खर्च मोजला गेला आणि त्याचे फळ तसेच राहिले. डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण मराठीत आहे. येथे निघालेला उंदीरही मोजता आला नाही.

उंदरांची संख्या कोण ठरवतो?

मारण्याने उंदीर का संपत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या जीवनक्रमात आहे. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. एका वेळी सहा ते दहा पिले होणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. या गतीने सारी पृथ्वी उंदरांनी भरून जावयास हवी होती. तसे होत नाही, कारण अन्न आणि निवारा या दोन गोष्टी त्यांच्या संख्येला मर्यादा घालतात. एखाद्या वस्तीत जितके उष्टे-खरकटे उघड्यावर पडते आणि जितकी बिळे, फटी व अडगळ असते, तितकेच उंदीर तेथे जगतात. त्यांतले अर्धे मारले, तर उरलेल्यांच्या वाट्याला दुप्पट अन्न येते, अधिक पिले जगतात, शेजारच्या वस्तीतूनही भर पडते आणि काही महिन्यांत संख्या पूर्वपदाला येते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच दाखवून दिले. विष घातलेल्या वस्त्यांत उंदीर झपाट्याने घटले आणि तसेच पुन्हा भरले. कचऱ्याची व घरांची व्यवस्था सुधारलेल्या वस्त्यांत मात्र ते घटले आणि घटलेलेच राहिले. संशोधकांपैकी डेव्हिड डेव्हिस यांचा निष्कर्ष हाच होता, की उंदरांवरील खरा उपाय त्यांच्या परिसरात आहे.

विषाचीही स्वतःची मर्यादा आहे. उंदीर हा नव्या वस्तूला बिचकणारा प्राणी आहे. ओळखीच्या वाटेवर अचानक ठेवलेले खाद्य तो प्रथम टाळतो किंवा किंचित चाखून पाहतो. त्याने त्रास झाला तर त्या खाद्याकडे पुन्हा फिरकत नाही. शेजारीच कचराकुंडी ओसंडून वाहत असेल, तर विषारी गोळी खाण्याची त्याला गरजच उरत नाही. म्हणूनच कचरा न हलवता विष टाकणे हा दुहेरी अपव्यय ठरतो.

अर्धवट संहाराचा याहूनही गंभीर धोका अलीकडच्या संशोधनातून पुढे आला आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या भागांत काही उंदीर मारण्यात आले तेथील उरलेल्या उंदरांत लेप्टोस्पायरा जंतू बाळगणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. उंदरांच्या टोळ्यांची घडी विस्कटते, त्यांचा एकमेकांशी संपर्क बदलतो आणि संसर्ग पसरतो, असे त्याचे स्पष्टीकरण संशोधकांनी सुचवले आहे. एका शहराच्या अनुभवावरून सर्वत्र हेच घडते असे म्हणता येणार नाही. तथापि मेलेल्या उंदरांची संख्या आणि माणसांची सुरक्षितता यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

प्लेगने शिकवलेले आणि विसरलेले

मुंबईला हा धडा नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा धान्याच्या गोदामांचा भाग. साथ तेथेच उगवावी यात आश्चर्य नव्हते. परंतु प्लेग आणि उंदीर यांचा नेमका संबंध तेव्हा सिद्ध झालेला नव्हता. सरकारने गटारे जंतुनाशकांनी धुतली, घरांची झडती घेतली, सामान जाळले, आजाऱ्यांना ओढून इस्पितळांत आणि विलगीकरण छावण्यांत नेले. १८९७ च्या साथरोग कायद्याने या सर्वाला कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात त्याचा कडेलोट झाला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच तो प्रकार होता. माणसांवर सारी सत्ता चालवली गेली आणि रोग वाहणारा उंदीर धान्याच्या पोत्यांत निर्धास्त राहिला.

सामान्य लोकांचे निरीक्षण मात्र अचूक होते. घरात ‘उंदीर पडला’ की प्लेग आला, हे खेड्यापाड्यांतील माणसाला ठाऊक होते आणि तो घर सोडून रानात झोपडी घालून राहत असे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू हाच प्लेगचा वाहक असल्याचे दाखवले, पण त्यावर वैद्यकीय जगताने प्रथम विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने ते निर्विवाद ठरले. प्लेगने उंदीर मरतो, त्याचे शरीर थंड पडते आणि त्याच्यावरील पिसवा नव्या आश्रयासाठी माणसाकडे वळतात. यातूनच आजही पाळला जाणारा एक नियम निघाला: प्लेगची साथ असताना आधी पिसवा मारावयाच्या आणि मग उंदीर. क्रम चुकला तर उंदीर मारणे हेच रोग पसरवण्याचे साधन होते.

साथीनंतर १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार न्यास स्थापन झाला. रुंद रस्ते निघाले, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती उभ्या राहिल्या. रोगाचे मूळ वस्तीच्या रचनेत शोधण्याची ती दृष्टी मोलाची होती. परंतु न्यासाने जितक्या गरिबांची घरे पाडली तितक्यांना परवडणारी घरे दिली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. उंदराची अडगळ एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत गेली. स्वच्छतेच्या योजनेतून गरीब वगळले, तर उंदीरही वगळले जातात, हा त्या न्यासाच्या इतिहासाचा अर्थ आहे.

१९९४ मध्ये हीच गोष्ट दोन वेगळ्या ठिकाणी घडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूरच्या भूकंपानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनेकांनी भीतीने पडकी घरे सोडली आणि त्यांत साठवलेले धान्य तसेच राहिले. त्यावर उंदरांची संख्या वाढली आणि ऑगस्ट १९९४ मध्ये मामला गावी गाठीच्या प्लेगची लक्षणे दिसली, अशी मीमांसा तज्ज्ञांनी केली. पुढच्याच महिन्यात, पुराने घाण झालेल्या सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. मृत्यू पन्नाशीच्या आसपास होते, पण व्यापार आणि पर्यटनाची देशव्यापी हानी झाली. सुरतेने त्यानंतर जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी उंदीर मारण्याची मोहीम हे आपल्या कामाचे केंद्र केले नाही. कचरा रोज आणि वेळेवर उचलणे, रस्ते रात्री झाडणे, उपाहारगृहांच्या अस्वच्छतेला दंड करणे, झोपडवस्त्यांत फरसबंदी व शौचालये पोचवणे आणि अधिकाऱ्यांनी रोज सकाळी आपापल्या विभागात प्रत्यक्ष हिंडणे, ही त्यांच्या कामाची सूत्रे होती. अवघ्या दोन वर्षांत देशातील सर्वांत गलिच्छ म्हणून गाजलेले शहर सर्वांत स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले.

किंमत कोण मोजतो?

प्लेग आज दुर्मीळ झाला आहे. त्याची जागा मुंबईपुरती लेप्टोस्पायरोसिसने घेतली आहे. या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात राहतात आणि मूत्रावाटे पाण्यात उतरतात; कुत्री व गुरेही ते वाहतात. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्या माणसाच्या पायाला बारीकशी जखम असली तरी ते शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत या रोगाचे शेकडो रुग्ण आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना हा रोग गंभीर स्वरूपात होतो आणि सुमारे ५९ हजार मृत्यू पावतात.

हे मृत्यू समप्रमाणात वाटले जात नाहीत. ब्राझीलमधील साल्वादोर शहराच्या झोपडवस्त्यांत झालेल्या अभ्यासात उघड्या गटाराजवळ, कचऱ्याजवळ आणि सखल भागात राहणाऱ्यांना संसर्गाचा धोका अधिक असल्याचे दिसले. त्याच वस्तीत ज्यांचे उत्पन्न कमी त्यांचा धोकाही अधिक होता. मुंबईतही मोटारीतून जाणाऱ्याच्या पायाला हे पाणी लागत नाही. ते लागते हमालाला, फेरीवाल्याला, सफाई कामगाराला, लोकल बंद पडल्यावर रुळांतून चालत घर गाठणाऱ्या कारकुनाला. रोजंदारीवरील माणूस ताप अंगावर काढतो, कारण दवाखान्याचा एक दिवस म्हणजे मजुरीचा एक दिवस. साध्या प्रतिजैविकाने सुरुवातीला बरा होणारा हा रोग उशिरा उपचार मिळाल्यास मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसांवर जातो. ज्या उकिरड्यावर उंदीर पोसले जातात तो बहुधा साऱ्या शहराने घडवलेला असतो. त्याचे बिल मात्र थोड्यांच्या नावे फाडले जाते. अर्थशास्त्र यालाच बाह्य परिणाम म्हणते.

उंदरांपासून मुक्ती हे सार्वजनिक हित आहे. ते कोणालाही एकट्याने विकत घेता येत नाही. एका इमारतीने आपली बिळे बुजवली तर तिचे उंदीर शेजारच्या हाऊसगल्लीत जातात. खिडकीतून खरकटे फेकणारा एक भाडेकरूही दहा जणांची काळजी वाया घालवतो. अशा हितासाठी नागरिकांच्या सद्‌बुद्धीला केवळ आवाहन करून भागत नाही. तेथे नियम, नियमित सेवा आणि सार्वजनिक खर्च या तिन्ही गोष्टी लागतात.

माप बदलले पाहिजे

म्हणून पहिला बदल हिशेबाच्या वहीत व्हावयास हवा. किती उंदीर मारले याऐवजी किती उंदीर उरले, हे मोजले पाहिजे. ते अशक्य नाही. वस्तीतील वापरात असलेली बिळे मोजता येतात: बीळ मातीने बुजवावे आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उकरले गेले का ते पाहावे. बिनविषारी खाद्य ठराविक ठिकाणी ठेवून ते किती खाल्ले गेले यावरूनही संख्येचा अंदाज बांधता येतो. अशी मोजणी प्रत्येक प्रभागात वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, व्हावी. तिच्याशेजारी त्याच प्रभागातील लेप्टोच्या रुग्णांची संख्या छापली जावी. मग कोणत्या प्रभागाचा पैसा कामी आला हे शाळेतील मुलालाही वाचता येईल.

दुसरा बदल खर्चाच्या स्वरूपात हवा. उंदीर मारणे हा दरवर्षी करावयाचा आणि दरवर्षी वाया जाणारा खर्च आहे. गटारे झाकणे, हाऊसगल्ल्यांना फरसबंदी करणे, मंडयांना झाकणबंद कचरापेट्या देणे आणि झोपडवस्त्यांतून रोज कचरा उचलणे यांतले बरेचसे एकदा करावयाचे भांडवली काम आहे आणि त्याचे फळ पुढची अनेक वर्षे मिळते. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहरानेही कित्येक दशके कचऱ्याच्या पिशव्या पदपथांवर ठेवू दिल्यानंतर नोव्हेंबर २०२४ पासून लहान निवासी इमारतींना झाकणाच्या डब्यांची सक्ती केली, ती उंदरांच्याच कारणाने.

याचा अर्थ उंदीर मारूच नयेत असा नाही. अन्न आणि आसरा तोडल्यानंतर उरलेल्यांवर घातलेले विष अधिक परिणामकारक ठरते. साथीच्या वेळी तर संहार अटळ असतो. मूषकसंहारकाची नोकरी काढून घेण्याचेही कारण नाही. कोणते बीळ जिवंत आहे, कोणत्या दुकानामागे खरकटे पडते आणि कोणत्या जाळीतून घूस वर येते, हे त्याच्याइतके शहरातील दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. आज हे ज्ञान सकाळच्या मोजणीबरोबर फेकून दिले जाते. त्याला कायम वेतन, हातमोजे, बूट आणि प्रतिबंधक औषध देऊन बिळांचा निरीक्षक केले, त्याने नोंदवलेली तक्रार कचरा व गटार विभागांवर बंधनकारक केली, तर त्याच माणसाकडून शहराला अनेक पटींनी मोठा लाभ होईल. त्याचे वेतन उंदरांच्या संख्येवर अवलंबून न ठेवणे ही मात्र पहिली अट आहे.

यात अडचण पैशाची कमी आणि सवयीची अधिक आहे. मेलेला उंदीर दाखवता येतो, त्याचे छायाचित्र निघते, आकडा सभागृहात वाचता येतो. न जन्मलेला उंदीर दाखवता येत नाही. परंतु सार्वजनिक आरोग्याचे बहुतेक यश असेच अदृश्य असते. जी साथ आली नाही, जो मजूर आजारी पडला नाही, त्याची बातमी होत नाही. अशा न झालेल्या गोष्टींसाठी पैसे खर्च करण्याचे आणि त्यांचा हिशेब मागण्याचे धैर्य लोकप्रतिनिधींनी व मतदारांनी दाखवले, तरच पावसाळ्यात प्रसिद्ध होणारा तो आकडा लहान होत जाईल. आणि ज्या वर्षी तो शून्याजवळ येईल, त्या वर्षी तो कामचुकारपणाचा पुरावा मानला जाणार नाही, याची व्यवस्था आजच करून ठेवावी लागेल.